जुन्या ट्रकचा रेडिएटर गळतोय? डाख देण्याआधी आणि दिल्यानंतर काय करायचं

नाशिक-धुळ्याकडून माल भरून इंदूरला येताना जुन्या ट्रकची परीक्षा दोन ठिकाणी होते. शिरपूर मागे टाकल्यावर सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट, आणि खलघाटला नर्मदा ओलांडून धामनोद सुटल्यावर मानपूरपर्यंतचा चढ. निमाडातलं ऊन, खालचा गिअर, वेग कमी म्हणून समोरून वाराही कमी, आणि इंजिन पुऱ्या ताकदीवर. रेडिएटर जरासा जरी गळका असला तरी तो इथेच उघडा पडतो.

इंदुरात जुनी टाटाची ४०७, १२१०, लेलँडची कॉमेट किंवा इथे पीथमपूरलाच बनलेली आयशर घेऊन धंद्यात उतरणारी मंडळी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात: पाणी कमी होतंय, काय करू? आणि बहुतेक जण डाख देऊन, म्हणजे गळकी जागा कथील-शिशाने सांधून घेऊन मोकळे झालेले असतात. डाख दोन तासांत बसतो. पण गळती ज्या कारणाने लागली ते तसंच राहिलं, तर थोड्याच दिवसांत त्याच्या शेजारी दुसरी लागते आणि दोष मात्र मिस्त्रीला दिला जातो. म्हणून खालचा क्रम पाळा. यातली अर्धी कामं डाखाची नाहीतच.

१. इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका

हे माहीत नसलेला ड्रायव्हर नसेल, तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात आणि चेहरा भाजतोच. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघडं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी ११० अंशांपर्यंतही उकळत नाही. ते झाकण तुम्ही अचानक उघडलंत की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं.

तापमानाचा काटा खाली आला म्हणून इंजिन गार झालं असं समजू नका. वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी, हाताने दाबून पाहा. तो टणक लागला तर आत दाब आहे, थांबा. सहज दबला आणि हाताला कोमट लागला, की जाड ओलं फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, आणि मगच दाबून काढा. तोंड नेहमी बाजूला ठेवायचं.

दुसरी गोष्ट, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. बीडाचं हेड तडकतं आणि मग रेडिएटरचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

२. पाणी नेमकं कुठून जातंय ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पाणी कमी होतंय याचा अर्थ रेडिएटरच गळतोय असा नाही.

रात्री गाडी सपाट जागी उभी करा आणि खाली कोरडे पुठ्ठे अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या सरळ खाली असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज. थोडा मागे, पंख्याच्या रेषेत असेल तर वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे ते बेअरिंगमध्ये शिरत नाही. कुणी हे भोक एम-सीलने बुजवायचा सल्ला दिला तर ऐकू नका, पंपाचं किट बदला.

पुठ्ठा कोरडा आणि पाणी तरीही कमी, तर तीन शक्यता उरतात.

पहिली म्हणजे झाकण. झाकणाच्या रबराला चीर गेली किंवा स्प्रिंग सैल झाली की घाटात पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो. तोच आकडा असलेलं नवं झाकण घ्या. जास्त आकड्याचं बसवलंत तर जुन्या टाकीच्या सांध्यावर नको तो भार येतो, आणि कमी आकड्याचं बसवलंत तर पाणी लवकर उकळतं. बिनदाबाचं साधं झाकण लावून गाड्या पळवणारे बरेच आहेत, त्यांच्या गाड्या चढावर का तापतात याचं उत्तर इथेच आहे.

दुसरी शक्यता म्हणजे गळती फक्त गरम असताना उघडते. बारीक चीर गार असताना मिटलेली असते. अशा जागी पाणी वाळून पांढरट-हिरवट पापुद्रा धरतो. टॉर्च घेऊन जाळीच्या (रेडिएटरचा बारीक नळ्यांचा आणि पातळ पंखांचा मधला भाग) दोन्ही बाजू, वरच्या-खालच्या टाकीचे सांधे आणि होज बसतात त्या नळ्यांची मुळं नीट न्याहाळा. तांब्या-पितळेवर तो हिरवा डाग लपत नाही.

तिसरी शक्यता वाईट आहे: पाणी इंजिनातच जातंय. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ, फेसकट दिसलं तर गॅसकेट, लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या अस्तराचं) सील किंवा हेड यांपैकी काहीतरी गेलंय. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा आणि वरच्या टाकीत बघत राहा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे सोडा, पण एक्सलेटर वाढवल्यावर बुडबुड्यांची धार लागलीच राहिली तर कम्प्रेशन पाण्यात घुसतंय. अशा गाडीच्या रेडिएटरला डाख देण्यात काहीच अर्थ नाही. आधी हेड उतरवा.

आणखी एक तपास, जो फार कमी लोक करतात. गाडी चांगली गरम करून बंद करा, पंखा पूर्ण थांबला याची खात्री करा, आणि पुढून जाळीवरून तळहात हळूहळू फिरवा, न टेकवता. ऊब वरून खाली सावकाश कमी होत गेली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. अशा रेडिएटरला नुसता डाख पुरत नाही, आतून सफाईही लागते.

३. गळती वाटेतच लागली तर

गाडी वर्कशॉपपर्यंत आणायची आहे, एवढंच ध्येय ठेवा. गार झाल्यावर झाकण पहिल्या खाचेवर सैल ठेवा. दाब कमी झाला की गळतीही कमी होते. पण मग पाणी लवकर उकळतं, तेव्हा माल जड असेल तर चढावर जाऊ नका. टाकीच्या सांध्यातून झिरपत असेल तर जागा कोरडी करून, सँडपेपरने घासून एम-सील दाबा आणि ते कडक होईपर्यंत खरंच थांबा. जाळीतली एखादी नळी फुटली असेल तर आजूबाजूचे पंख पक्कडीने बाजूला करून ती नळी कापा आणि दोन्ही टोकं दुमडून चिमटा. तांब्याची नळी चांगली चिमटली जाते.

हळद टाकायची नाही. हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर हा उपाय सांगणारा भेटतो, आणि गळती त्याने काही वेळ थांबतेही, म्हणूनच तो टिकून आहे. पण हळदीचा गाळ भोक आणि चांगली नळी यांत फरक करत नाही. नंतर रेडिएटर उघडला की खालच्या टाकीत पिवळ्या चिखलाचा थर आणि निम्म्या नळ्यांची तोंडं बंद, असं दिसतं. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद पावडरी आणि डब्यांचंही जुन्या, आधीच क्षार धरलेल्या रेडिएटरमध्ये तेच होतं.

आणि एक धोका लक्षात ठेवा. पाणी पूर्ण उतरलं की तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. काटा खाली, पण इंजिनाचा आवाज जड, ओढ कमी आणि गरम रंगाचा वास, असं झालं तर त्याच क्षणी गाडी बाजूला घ्या.

४. रेडिएटर कोणत्या धातूचा आहे ते बघा

वरची-खालची टाकी काळ्या प्लास्टिकची आणि तिच्या कडेला दुमडलेल्या दातांची ओळ असेल तर जाळी अॅल्युमिनियमची आहे. तिला साधा डाख बसत नाही. टाकीला चीर गेली असेल तर टाकी आणि रबर सील बदलतात, जाळी गेली असेल तर बहुधा आख्खा रेडिएटर.

टाकी धातूची असेल तर एका कोपऱ्यातला काळा रंग नखाएवढा खरवडा. खाली पिवळं पितळ चमकलं की तो तांब्या-पितळेचा आहे, दुरुस्त होणारा आहे, आणि भंगारातही मोलाचा आहे. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे येऊ. खालचं सगळं याच जातीच्या रेडिएटरबद्दल आहे.

५. जमवाजमव

गाडी उघडण्याआधी हे जवळ ठेवा:

- रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, लांब स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, गंज सुटायचं तेल
- चाकांना लावायला लाकडी गुटके
- पाणी धरायला रुंद घमेलं आणि झाकणाचे कॅन
- जाळी झाकायला जाड पुठ्ठा
- वरचा-खालचा नवा होज आणि चार नव्या होज क्लिपा
- नवं झाकण, त्याच आकड्याचं
- खालच्या बुडाची रबरं, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) गॅसकेट
- डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट
- व्होल्टमीटर
- गाडीच्या आरसीची प्रत आणि चॅसिस प्लेटचा फोटो

शेवटची ओळ नव्या माणसाला विचित्र वाटते. पण त्याच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या वर्षांत होजचा वाक, टाकीची उंची आणि जाळीतल्या नळ्यांच्या ओळी बदललेल्या असतात. दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगता आलं नाही तर दोन फेऱ्या वाया जातात. हत्यारं आणि किरकोळ हार्डवेअर सियागंजात मिळतं. होज मात्र जुना नमुना हातात घेऊनच आणा.

जुन्या व्यावसायिक गाडीला, आठ वर्षं उलटली की, दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. हे काम फिटनेसच्या तारखेच्या आधी उरका, बिल फायलीत ठेवा.

६. उतरवताना

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक वर, चाकांना गुटके, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. झाकण काढा, मग खालचा नळ उघडा. जुना नळ गच्च बसलेला असेल तर जोर लावू नका. तो मुळातून तुटतो आणि गळतीला आणखी एक जागा मिळते. त्यापेक्षा खालचा होज सोडून पाणी काढा.

कूलंट असेल तर ते घमेल्यात धरा आणि लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतलं कुत्रं, गाय, एखादं लहान मूल, कुणीही त्याला तोंड लावू शकतं. उघड्यावर ठेवू नका, गटारात सोडू नका.

होज चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका, पितळी नळी पातळ असते, लगेच वाकते. तसाही तो होज बदलायचाच आहे, ब्लेडने लांबीत कापून काढा. मग पंख्याभोवतीचं आवरण, वरच्या ताण-सळया, खालचे बोल्ट. बाहेर काढण्याआधी पंखा आणि जाळीच्या मध्ये पुठ्ठा सरकवा. उचलायला दोन माणसं हवीत, आणि धरायचं टाक्यांना, जाळीला नाही.

बोल्ट सोडताना बुडाच्या रबरांकडे बघाच. ती दगडासारखी कडक झालेली किंवा गायबच असतील तर गळतीचं कारण तुम्हाला सापडलं. चेसिसचा प्रत्येक हिसका थेट टाकीच्या सांध्यात जात होता. त्याचप्रमाणे ताण-सळया फार आवळलेल्या असतील तर रेडिएटर पिळात बसलेला असतो. चेसिस वाकली-वळली की सांधा उघडतो. इंजिनाचे माउंट बसलेले असतील तर पंख्याची पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसतील.

७. मिस्त्रीकडे

देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगर या भागांत रेडिएटरचं काम करणारे उस्ताद सापडतात. दुकानाच्या पाटीपेक्षा एक गोष्ट बघा: तिथे पाण्याचा मोठा हौद आहे का. हौद नसलेल्या दुकानात रेडिएटर देऊ नका.

कारण खरी तपासणी हौदातच होते. रेडिएटरच्या दोन नळ्यांना रबरी बुचं लावतात, तोंडातून हवेची नळी जोडतात आणि आख्खा रेडिएटर पाण्यात बुडवतात. हवेचा दाब झाकणावरच्या आकड्याइतका, फार तर किंचित जास्त. कॉम्प्रेसर सरळ जोडून भसकन हवा सोडली तर जुन्या टाकीचे चांगले सांधेही फुगून सुटतात, तेव्हा मीटर लावलंय का हे विचाराच. मग वाकून बघा. आधी जाळीत अडकलेली हवा फुटून वर येते, तिला महत्त्व नाही. ती शांत झाली की गळतीची जागा दिसायला लागते: एकाच ठिकाणाहून, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, एकामागे एक, न थांबता. रेडिएटर जरा कलता केला तरी त्यांचं उगमस्थान हलत नाही. तिथे खडूने खूण करायला लावा, दुसरी बाजू बुडवा, परत बघा. एका गळतीसाठी आणलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये दोन-तीन जागा निघणं नेहमीचंच आहे.

त्यानंतर उस्ताद बहुधा म्हणेल, "जाली गई भाऊ, नई डलवा लो." लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. गळती टाकीच्या सांध्यात किंवा नळीच्या मुळाशी असेल तर डाख पुरतो. जाळीच्या आत एक-दोन नळ्या गेल्या असतील तर त्या दोन्ही टोकांना बंद करतात, तेही चालतं. पण बंद केलेल्या नळ्या एकूण नळ्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळ जायला लागल्या, किंवा बोट लावलं की पंख भुगा होऊन गळतायत असं झालं, तर जाळी बदलणंच शहाणपणाचं. तिच्यावर डाख-डाख करत राहिलात तर दर खेपेला मजुरी जाते आणि गाडी उभी राहते ती वेगळी.

जाळी बदलायची ठरली तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या, कागदावर:

जुनी तांब्याची जाळी कुणाची? तांब्याचा भाव चांगला असतो. तुमच्यासमोर वजन करून किंमत बिलातून वजा व्हायला हवी, किंवा जाळी तुम्ही घरी न्यायची. नवा माणूस हे विचारत नाही आणि जाळी दुकानात राहून जाते.

नवी जाळी तांब्याची का, आणि किती ओळींची? जुनी चार ओळींची असेल आणि नवी तीन ओळींची बसवली तर बाहेरून मापात काही फरक दिसत नाही. तो घाटात कळतो.

टाक्या उघडल्यावर फोन करा, मी बघायला येतो. हे सांगितलंच पाहिजे. टाकी उघडली की नळ्यांची तोंडं समोर येतात, आणि रेडिएटरची खरी अवस्था तेव्हाच दिसते. बोअरचं पाणी उकळल्यावर पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच इथे नळ्यांच्या तोंडाशी दिसतो. आपल्या माळव्यातल्या काळ्या खडकातलं पाणी जड आहे आणि वर्षानुवर्षं तेच ओतलं गेलेलं असतं. हा थर काढायला चपटी सळई नळीतून घालतात, वरून खाली, एकेक नळी. वेळखाऊ काम आहे, पण तांब्याच्या रेडिएटरसाठी याहून चांगली सफाई नाही. तेजाब ओतून झटपट सफाई करू देऊ नका. तेजाब क्षारासोबत डाख आणि नळीची पातळ भिंतही खातो. लिंबूसताचं गरम पाणी काही वेळ फिरवून भरपूर स्वच्छ पाण्याने धुणं त्यापेक्षा बरं.

शेवटची अट: काळा रंग मारण्याआधी हौदातली तपासणी परत तुमच्यासमोर. जाड रंग बारीक गळती काही दिवस झाकून ठेवतो. रंग पातळ हवा, जाळीवर तर अगदी फवाऱ्याचा हलका हात. जाड थराने जाळीची उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो.

८. छोटा डाख स्वतः द्यायचा असेल तर

वरच्या टाकीच्या सांध्याला दोन-तीन सेंटिमीटरची चीर असेल तर जमण्यासारखं काम आहे. जाळीच्या आतलं काम मात्र स्वतः करू नका. तिथे एक जागा तापवताना शेजारच्या चार सुटतात.

पाणी पूर्ण काढा. आत पाणी उरलं तर धातू तापतच नाही आणि डाख गोळा होऊन नुसता वर बसतो. रंग, हिरवा थर आणि जुना काळपट डाख तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने घासा, चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंद धातू लखलखीत दिसेपर्यंत. शंभरातले नव्वद डाख इथल्या आळसाने सुटतात. फ्लक्स (डाख धातूला धरावा म्हणून लावायचा लेप) लावा. तांब्याच्या ठोकळ्याचा मोठा सोल्डरिंग आयर्न ब्लोलॅम्पवर तापवा. रेडिओचा छोटा आयर्न इथे काहीच करू शकत नाही. ठोकळा चिरेवर टेकवून धातूलाच तापू द्या आणि कथील-शिशाची तार ठोकळ्याला नाही, धातूला लावा. ६०-४० ची तार १९० अंशांच्या आसपास पातळ होते आणि चिरेत आपोआप ओढली जाते. वितळलेला डाख पाण्यासारखा पसरला तर बसला. थेंबासारखा उभा राहिला तर जागा स्वच्छ नाही किंवा पुरेशी तापलेली नाही, परत घासा. थेट ज्योत टाकीवर मारू नका, आख्खा सांधा मोकळा होईल.

गार झाल्यावर फ्लक्स गरम पाण्याने नीट धुवा, नाहीतर तोच पुढे धातू खातो. शिशाचं काम आहे, मोकळ्या हवेत करा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा.

९. परत बसवताना

बुडाची रबरं नवी. बोल्ट आवळायचे ते रबर जरा दबेपर्यंत, चपटं होईपर्यंत नाही. ताण-सळया रेडिएटर सरळ उभा राहील इतक्याच. पंखा हाताने पूर्ण फिरवून पाती कुठे लागत नाहीत ना बघा. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेलच. तो ऐकू नका. त्याच्याशिवाय इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जातं आणि लायनरची झीज वाढते. संशय असेल तर पातेल्यातल्या पाण्यात टाकून तापवा: साधारण ८० ते ८५ अंशांना तो उघडायला लागतो. न उघडणारा बदला.

खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही ती हवी. पंपाच्या ओढीने बिनस्प्रिंगचा होज आत चपटा होतो आणि गाडी फक्त जोरात पळवताना तापते. हे कारण शोधता शोधता लोकांचा आख्खा उन्हाळा जातो.

१०. आत काय भरायचं

बोअरचं पाणी नाही. नर्मदेचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, पण तेही अडीअडचणीला. कायमचं भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, साधारण निम्मं-निम्मं, किंवा डब्यावर दिलंय त्या प्रमाणात. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांना सांगा की कूलंट गंज थांबवतं आणि उकळबिंदूही वर नेतं.

रंग बघून कूलंट घेऊ नका. डब्यावर तांबं, पितळ आणि डाख यांना चालतं असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. काही नव्या धर्तीची कूलंटं अॅल्युमिनियमसाठी बनवलेली असतात आणि ती जुन्या रेडिएटरच्या डाखाला मानवत नाहीत. दोन वेगळ्या जातींची एकत्र मिसळू नका, आत चिकट गाळ होतो.

भरून झाल्यावर व्होल्टमीटरचं काम. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून फक्त पाण्यात, धातूला न लागता. इंजिन आणि दिवे चालू असताना ०.३ व्होल्टच्या वर दिसत असेल तर कुठलीतरी अर्थिंग खराब आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. ती धातू आतून पोखरते. इंजिन ते चेसिस आणि बॅटरी ते चेसिस या जाड पट्ट्या सोडून, घासून, परत आवळा. वारंवार नव्या ठिकाणी टाचणीएवढी भोकं पडणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये हे आवर्जून बघा.

११. हवा काढा, मग पहिली फेरी

पाणी सावकाश भरा, बदाबदा ओतलं तर हवा अडकते. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलला चालू ठेवा आणि वरच्या होजवर लक्ष ठेवा. बराच वेळ तो गारच राहील. थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम होईल, त्याच वेळी वरच्या टाकीतली पातळी खाली जाईल. भरा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, झाकण लावा. गार झाल्यावर सगळ्या क्लिपा परत एकदा आवळा, कारण पहिल्या गरमीनंतर नवं रबर बसतं आणि क्लिप सैल होते.

पहिली फेरी भरलेल्या गाडीने घाटात नको. राऊ, महू असं रिकाम्या गाडीने जाऊन या, रात्री परत पुठ्ठे अंथरा, सकाळी गार इंजिनात पातळी बघा. लिटरच्या बाटलीने भरा, म्हणजे किती कमी झालं ते अंदाजाने नाही, मापाने कळेल. पहिल्या दिवशी थोडी पातळी उतरणं ठीक, उरलेली हवा निघते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेवढंच पाणी मागत असेल तर पायरी दोनवर परत या, माल भरू नका.

पातळी टिकली की मग मानपूर. गाडीत दहा लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन, दोन जादा क्लिपा, एम-सीलचं एक पाकीट, पक्कड आणि एक जाड फडकं कायमचं ठेवा, आणि ड्रायव्हर दुसरा असेल तर वरचा होज दाबून बघायची पद्धत त्याला स्वतःच्या हाताने करून दाखवा.